ओला गतिरोधक

दंतवैद्याने आयुष्यात एकच गोष्ट निव्वळ हौसेखातर घेतली, आणि ती जमिनीपासून चार बोटं वर होती. बाकी सगळं कुणीतरी सांगितलं म्हणून झालं होतं. दातांचं शिक्षण वडिलांनी सांगितलं म्हणून, लग्न वय झालं म्हणून, चष्मा दिसेनासं झालं म्हणून. गाडी मात्र त्याने पाहिली आणि घेतली. परदेशी निघालेल्या एका पेशंटची होती. ‘‘डॉक्टर, ही गाडी रस्त्याला चिकटून चालते,’’ असं तो पेशंट तोंडातला कापूस काढल्यावर म्हणाला होता. ते शब्दशः खरं निघालं.

गाडी लांब, काळी आणि चपटी होती. तिच्यात बसणं म्हणजे बसणं नव्हतं, पडणं होतं. आणि उतरायचं म्हणजे आधी एक पाय बाहेर टाकायचा, मग दाराला लोंबकळायचं, मग कुणाचा तरी हात मागायचा. सासूबाईंनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाल्या, ‘‘दुसरी कुठाय?’’

‘‘दुसरी म्हणजे?’’

‘‘चप्पल एकच कशी घेतलीत? जोडी असते ना?’’

त्या दिवसापासून गाडीचं नाव चप्पल पडलं. सोनाराने कान टोचावेत तसं सासूबाईंनी नाव टोचलं, आणि ते कायमचं राहिलं.

आता चप्पल ज्या शहरात चालायची, त्या शहरात रस्ते कमी आणि गतिरोधक जास्त होते. कुणाच्या मांजराला सायकलचा धक्का लागला, की दुसऱ्या दिवशी तिथे उंचवटा उगवायचा. त्यांना माप नव्हतं. डांबर उरलं की गतिरोधक, एवढाच त्यामागचा विचार. काही निजलेल्या म्हशीएवढे, काही सुरीच्या पात्यासारखे उभे, काही एकामागे एक तीन, म्हणजे पहिल्यावरून सुटलेला माणूस दुसऱ्यावर सापडलाच पाहिजे. इमारतींच्या दारातले चढ तर वेगळेच. ते गाडी वर चढावी म्हणून बांधलेत की चढू नये म्हणून, हे बांधणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

आणि तो आवाज. खर्रर्र. गाडीच्या पोटाखालून निघून थेट माणसाच्या दाढेत शिरणारा. दिवसभर लोकांचे दात खरवडून घर चालवणाऱ्या माणसाला नेमका तोच आवाज सोसवत नाही, यात निसर्गाचा काहीतरी न्याय असावा, असं त्याच्या बायकोचं मत होतं.

न घासता जाण्याची एक रीत त्याने बसवली होती. गतिरोधक दिसला की गाडी जवळपास थांबवायची. मग स्टिअरिंग वळवून तिरकी घ्यायची, म्हणजे एकेक चाक वेगळं चढतं आणि पोट अधांतरी राहतं. तिरक्या गाडीमुळे दोन्ही बाजूंची वाहतूक थांबते, लोक काचा खाली करून आपलं शिक्षण आणि संस्कार दाखवतात, त्यांच्याकडे बघायचं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, त्याआधी गाडीतली माणसं खाली उतरवायची.

‘‘तू उतरलीस की गाडी दोन बोटं वर येते,’’ असं तो एकदा बायकोला कौतुकाने म्हणाला होता. कौतुक गाडीचं होतं. पुढे बरेच दिवस त्या घरात ताटं वाढली जात होती, पण कुणी बोलत नव्हतं.

तरी ती उतरायची. उतरून पुढे जायची, रस्त्यात वाकून गाडीच्या पोटाखाली बघायची आणि सूचना द्यायची. ती कॉलेजात ग्रंथपाल होती. ‘हळू’ हा एकच शब्द बोलण्यासाठी तिने वर्षानुवर्षं पगार घेतला होता, आणि तोही कुजबुजत. त्यामुळे सगळं ठीक असलं तरी ‘हळू’, आणि बंपर निघून हातात यायच्या बेतात असला तरी ‘हळू’, तोच सूर, तीच पट्टी.

‘‘अगं, घासत असेल तर ओरड ना!’’

‘‘ओरडलेच की.’’

‘‘मला ऐकू नाही आलं.’’

‘‘गाडीला आलं असेल. थांबली ती.’’

सगळ्यांत वाईट गतिरोधक त्यांच्याच वसाहतीच्या दारात होता. मागच्या दाराचा चढ इतका उभा, की चप्पलने तिथे एकदा नाक ठेवलं होतं. ते सुटं करून डिकीत घालून आणावं लागलं. म्हणून पुढचंच दार, आणि तिथे तो. दंतवैद्य समितीच्या प्रत्येक बैठकीला जायचा आणि विषय कुठलाही असो, शेवटी उभा राहून म्हणायचा, ‘‘गेटवरचा गतिरोधक उंच आहे.’’ अध्यक्ष मान हलवून म्हणायचे, ‘‘दखल घेतली आहे.’’ घरी येऊन तो चरफडायचा. त्याच्या दवाखान्यात पेशंट ‘फिलिंग उंच लागतंय’ म्हणाला, की तो तिथल्या तिथे दाताखाली कागद धरून चावायला लावायचा आणि उंच भाग घासून टाकायचा. इतकी सोपी गोष्ट या लोकांना का कळत नाही, हे त्याला कळत नव्हतं.

अशात सासूबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं.

सासूबाई कोर्टात लघुलेखिका होत्या. लोक शपथेवर काय काय सांगतात ते आयुष्यभर उतरवून घेतल्यामुळे त्यांना दोन सवयी जडल्या होत्या. कुणावर विश्वास ठेवायचा नाही, आणि कुणाचं वाक्य विसरायचं नाही. ऑपरेशननंतर त्या धाकट्या लेकीकडे, म्हणजे दंतवैद्याच्या घरी येणार होत्या, कारण त्याचं घर तळमजल्यावर होतं. सर्जनने घरी सोडताना सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं, ‘‘वर चढायचं नाही. पायरी नाही. आणि एकही दणका नको. टाके आतून नाजूक आहेत. दणका बसला तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल, आणि या वयात मला ते पुन्हा करायचं नाही.’’

‘‘मलाही नाही,’’ सासूबाई म्हणाल्या.

ॲम्ब्युलन्सला त्यांनी साफ नकार दिला. ‘‘ॲम्ब्युलन्समधून दारात उतरले, की शेजारच्या बायका डोळे पुसत येतील. आणि मी जिवंत आहे बघून हिरमुसतील.’’

मग साडूचा हत्ती पुढे आला. साडू म्हणजे थोरल्या लेकीचा नवरा, विम्याचा एजंट, आणि हत्ती म्हणजे त्याची जीप. हत्ती इतका उंच होता, की गतिरोधक आला हे साडूला नंतर आरशात बघून कळायचं. त्याने हॉस्पिटलच्या दारात हत्ती उभा केला आणि मोठ्या अदबीने दार उघडलं. सासूबाईंनी चाकाच्या खुर्चीतून वर पाहिलं. पायदान त्यांच्या छातीशी येत होतं.

‘‘यात चढता आलं असतं, तर ऑपरेशन कशाला केलं असतं?’’ त्या म्हणाल्या. मग मान वळवून दंतवैद्याकडे पाहिलं. ‘‘जावईबापू, आणा तुमची चप्पल.’’

दंतवैद्याने खिशातली किल्ली चाचपली. गाडी घेतल्यापासून ती कुणी आपण होऊन मागितल्याची ही पहिलीच वेळ होती.

‘‘आई, रस्ता तसा...’’

‘‘गाडी आणलीत त्या दिवशी माझ्या घरी तुम्ही म्हणालात,’’ सासूबाईंनी डोळे मिटले; मिटले की त्यांना कागद दिसायचा, ‘‘‘आई, एकदा बसून तर बघा, पोटातलं पाणी हलणार नाही.’ मी म्हटलं, बघू. थोरले जावई हसले. तुम्ही म्हणालात, ‘हसा, हसा.’ बरोबर?’’

‘‘बरोबर,’’ साडू म्हणाला. तो आताही हसत होता. ‘‘साडूभाऊ, विमा आहे ना? गाडीचा नाही म्हणत, तुमचा.’’

पुढची सीट मागे पूर्ण आडवी केली. खुर्ची आणि सीट शेजारी शेजारी आली, दोन नर्सेसनी धरलं, आणि सासूबाई हळूच सरकून आत आडव्या झाल्या. वर चढणं नाही, पायरी नाही. क्षणभर दंतवैद्याला वाटलं, गाडी याच दिवसासाठी घडवली गेली असावी. मग त्याला घरापर्यंतचा रस्ता आठवला.

‘‘आई, माझ्या पेशंटना सांगतो तेच तुम्हाला सांगतो. जरा जरी दुखलं, तर डावा हात वर करा. मी लगेच थांबेन.’’

‘‘तुमचे पेशंट सांगतात, तुम्ही थांबत नाही.’’

‘‘कोण सांगतं?’’

‘‘मी तुमची पेशंट होते.’’

निघाले. मागे बायको, आणि त्याच्याही मागे सामान घेतलेला हत्ती. हॉस्पिटलच्या उतारावर बायको उतरली, पुढे जाऊन वाकली, ‘हळू, हळू’ झालं, आणि चप्पल खाली आली. घासली नाही. दंतवैद्याने श्वास सोडला. शाळेपुढच्या तीन भावंड गतिरोधकांवर पुन्हा तेच. बायको उतरली, तिरकं घेतलं, एक चाक, दुसरं चाक, समोरून एक टेम्पोवाला म्हणाला, ‘‘काका, नाचवताय की चालवताय?’’ मागून हत्तीने हॉर्न दिला आणि साडूने मान बाहेर काढली. ‘‘अजून डावीकडे! डावीकडे घ्या! अहो तुमच्या डावीकडे!’’

‘‘त्याला गप्प बसव,’’ दंतवैद्य दात आवळून म्हणाला. दात आवळू नयेत, हे तो रोज लोकांना सांगायचा.

‘‘मी बाहेर आहे की आत, ते आधी ठरवा,’’ बायको म्हणाली. ती अर्धी आत होती.

बाजाराच्या रस्त्यावर सगळं सुरळीत चाललेलं असताना सासूबाईंचा डावा हात एकदम वर गेला. दंतवैद्याने ब्रेक दाबला. इतका वेळ जो दणका तो टाळत होता, तो त्याने स्वतःच्या पायाने दिला. अगदी छोटा, पण दिला. मागे हत्ती किंचाळत थांबला.

‘‘काय झालं? दुखलं? कुठे?’’

‘‘ते घड्याळाचं दुकान बंद झालं वाटतं,’’ सासूबाई काचेकडे बोट दाखवत म्हणाल्या.

‘‘आई! हात दुखल्यावर वर करायचा!’’

‘‘मग दाखवायचं कशाने? मान हलवायची नाही म्हणालाय तो सर्जन.’’

‘‘उजव्या हाताने दाखवा!’’

‘‘ओरडू नका. ओरडण्याने मला हादरा बसतो. हे तुम्ही म्हणाला नव्हतात, हे मीच म्हणतेय. लक्षात ठेवा.’’

दंतवैद्याने कपाळ पुसलं. पाठीला शर्ट चिकटला होता. पण गतिरोधक एकेक करत मागे पडले: पाण्याच्या टाकीजवळची म्हैस, पुलाच्या तोंडाशी असलेला पट्टा, छापखान्यासमोरचा तो दगडी दुष्ट. एकदाही खर्रर्र झालं नाही. आता फक्त घरचा राहिला होता, आणि घरच्याचा स्वभाव त्याला पाठ होता. कुठून तिरकं घ्यायचं, कुठे श्वास धरायचा, सगळं. वळण घेताना तो शीळ घालणार होता.

वसाहतीच्या दारात दोन लाल झेंड्या रोवल्या होत्या. त्यांच्यामध्ये, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, जुन्या गतिरोधकाच्या जागी नवा गतिरोधक निजला होता. काँक्रीटचा. ओला. गुळगुळीत. आणि जुन्यापेक्षा चांगला वीतभर उंच.

दंतवैद्य गाडीतून बाहेर पडला. अक्षरशः पडला, मग उठला. वॉचमन धावत आला.

‘‘थांबा डॉक्टर, आत्ताच ओतलंय. गवंडी जेवायला गेलेत.’’

‘‘हे कोणी सांगितलं करायला?’’

‘‘म्हणजे?’’ वॉचमन गोंधळला. ‘‘तुम्हीच ना? तुमची तक्रार होती म्हणून अध्यक्षांनी माप घेतलं. नियमात जेवढा पाहिजे तेवढा नव्हताच तो. कमी भरला. अध्यक्ष म्हणाले, बरं झालं डॉक्टर सारखे मागे लागले, नाहीतर आपल्या लक्षातच आलं नसतं.’’

दंतवैद्याने चष्मा पुसून गतिरोधकाकडे पुन्हा पाहिलं. फिलिंग उंच लागतंय म्हणणाऱ्या पेशंटच्या दातावर आणखी एक थर चढवून, त्याचे आभार मानून घरी पाठवलं होतं.

‘‘अध्यक्ष कुठेत?’’

‘‘मुलीकडे गेलेत. उद्या येतील.’’

हत्ती मागे येऊन थांबला. साडू उतरला, गतिरोधकाला प्रदक्षिणा घातल्यासारखा फिरला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, ‘‘हा तर माझ्या हत्तीलासुद्धा लागेल. तुमची तर...’’ त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू नव्हतं, आणि त्यामुळे दंतवैद्य जास्त घाबरला.

मग मार्ग निघू लागले, आणि निघाले तसे मिटू लागले. हत्तीतून आणलेल्या खुर्चीची चाकं ओल्यात रुतली असती. पायी ओलांडायचं तर पाय उचलून वर टाकायचा, म्हणजे पायरीच. बाजूच्या छोट्या दाराला उंबरा होता. वॉचमन म्हणाला, ‘‘फळी टाकू का?’’ फळी टाकली तर गतिरोधक आणखी फळीभर उंच. मागच्या दाराचं नाव कुणी काढलं नाही. डिकीत आणलेलं नाक सगळ्यांना आठवत होतं. आणि सासूबाईंना गाडीत आडवं पडून बराच वेळ झाला होता. त्यांच्या ओठांचा रंग उतरला होता.

‘‘आई, मी उचलून नेतो,’’ साडू पुढे झाला.

‘‘मला न्यायला चौघं लागतील,’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘आणि ती वेळ अजून आलेली नाही. जावईबापू, काय ते ठरवा. माझी पाठ भरून आलीय.’’ शेवटचं वाक्य त्या जरा हळू बोलल्या. त्यांनी हळू बोललेलं त्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. ‘‘अहो, काहीतरी करा,’’ ती म्हणाली, आणि हे ती ओरडून म्हणाली.

दंतवैद्य गतिरोधकापाशी उकिडवा बसला. त्याने तर्जनी काँक्रीटमध्ये टेकवली. बोट पेरभर आत गेलं, काढल्यावर खड्डा तसाच राहिला. त्याने दुसरीकडे बोट लावलं, तिथेही तसंच. कवळीसाठी पेशंटच्या तोंडात ठशाचा मसाला भरला, की तो असाच बोट लावून बघायचा. मसाला एकदा घट्ट झाला की दात मोडेल, पण मसाला हलणार नाही. आणि मऊ असेतोवर तो जिभेलाही वाट देतो.

‘‘अजून लागलेलं नाही,’’ तो म्हणाला.

‘‘काय लागलेलं नाही?’’ साडूने विचारलं.

‘‘काँक्रीट. दही आहे नुसतं.’’ तो उठला, बोट पँटला पुसलं. ‘‘तिरकं घेऊन उपयोग नाही. सरळ घालायची. हळू आणि न थांबता.’’

‘‘साडूभाऊ, गाडीचं वाटोळं होईल.’’

‘‘होऊ दे.’’

‘‘डॉक्टर, अध्यक्ष काय म्हणतील?’’ वॉचमनने झेंडी छातीशी धरली.

‘‘त्यांना सांग, दखल घेतली आहे.’’

बायको या वेळी पुढे जाऊन वाकली नाही. ती मागे बसली, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘‘मी उतरत नाही. जेवढी खाली बसायचीय तेवढी बसू दे.’’

पुढची चाकं गतिरोधकाला टेकली. एरवी इथे गाडीने नाक वर केलं असतं, मग आपटलं असतं. चाकं आत शिरली. लोण्यात सुरी जावी तशी गेली, आणि त्यांच्यामागून चप्पलचं चपटं पोट आलं आणि त्याने गतिरोधकाचा माथा पुढे लोटत, सारवत, सपाट करत नेला. खर्रर्र झालं नाही. एक लांब, ओला, समाधानी आवाज झाला. चिखलातून गलेलठ्ठ म्हैस उठावी तसा. दंतवैद्याची नजर रस्त्यावर नव्हती. ती सासूबाईंच्या डाव्या हातावर होती. तो हात मांडीवर पालथा पडला होता. एकदा करंगळी हलली. दंतवैद्याचा पाय ब्रेककडे गेला. करंगळी पुन्हा पडली.

मागची चाकं बाहेर आली. गाडी आत होती.

‘‘झालं?’’ सासूबाईंनी विचारलं.

‘‘झालं.’’

‘‘मग थांबलात का? घरी चला. पाणी पाजा. पोटातलं आहे तिथेच आहे.’’

त्या संध्याकाळी सर्जन घरी येऊन बघून गेला आणि सगळं जागच्या जागी आहे म्हणाला. साडूने जाताना दंतवैद्याच्या पाठीवर थाप मारली, काहीतरी चांगलं बोलायचा प्रयत्न केला आणि तो जमेना म्हणून विम्याचं बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. गतिरोधक वाळून दगड झाला होता. मध्ये सपाट ओटा, दोन्ही बाजूंना चाकांच्या दोन पन्हळी. अध्यक्ष त्याच्याभोवती बराच वेळ फिरले. वसाहतीच्या मालमत्तेचं विद्रूपीकरण, असा शब्द त्यांनी दोनदा वापरला. तेवढ्यात त्यांची बायको स्कूटरवरून आली, एका पन्हळीतून सुर्रकन आत शिरली आणि न थांबता म्हणाली, ‘‘अहो, हे छान केलंत!’’ अध्यक्षांनी तो विषय पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरवलं.

पण चप्पलला सुख नव्हतं. गतिरोधकाचा जो माथा नाहीसा झाला होता, तो गेला कुठे हे कुणी विचारलं नव्हतं. तो तिच्या पोटाला चिकटला होता आणि रात्रीत वाळला होता. आता ती जमिनीपासून चार बोटं नव्हती, जेमतेम दोन होती. घरचा गतिरोधक तिला तेवढा बरोबर बसायचा. दोघांनी एकमेकांचे ठसे घेतले होते. पन्हळीत चाकं पडली की मध्ये धरलेला कागदही घासला नसता. बाकीच्या शहरात मात्र ती सपाट रस्त्यावरही आवाज करू लागली. गॅरेजवाल्याने खाली वाकून पाहिलं, मग उठून हात झटकले. ‘‘छिन्नीने फोडलं तर खालचा पत्रा जाईल. हे नाजूक काम आहे. कुणी दातकोरणीने काढणारा सापडला तर बघा.’’

म्हणून रविवारी दुपारी दंतवैद्य वसाहतीच्या आवारात, खिडकीखाली, गाडीच्या पोटाखाली उताणा पडला होता. कपाळाला दिवा, तोंडाला पट्टी, हातात दवाखान्यातलं टोकदार हत्यार. पाय तेवढे बाहेर. ठिकऱ्या चेहऱ्यावर पडत होत्या, आणि प्रत्येक ठिकरीमागे तो आवाज येत होता, खर्रर्र, खर्रर्र, जो त्याला जन्मात सोसवला नव्हता आणि जो आता तो स्वतःच्या हाताने काढत होता. त्याच्या दाढा शिवशिवत होत्या. बायको खिडकीशी उभी राहून ‘हळू, हळू’ म्हणत होती.

खिडकीच्या आत सासूबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ ऐकलं. मग त्या बाहेर ऐकू जाईल अशा, कोर्टात जबानी वाचून दाखवायच्या आवाजात म्हणाल्या, ‘‘जावईबापू, चप्पलला सांगितलंत का? दुखलं तर डावा हात वर कर म्हणून?’’